‘लग्नाच्या दिवशी उघडावे’

*ताई,*

*मी इंदूरला राजेंद्रनगरात राहते. वय 68. तीस वर्षं शाळेत मराठी आणि हिंदी शिकवलं. दोन वर्षांपूर्वी पार्किन्सनचं निदान झालं. गोळ्या चालू आहेत, माझं मी सगळं करते, पण अक्षर बारीक होत चाललंय. ओळीची सुरुवात बरी असते, शेवटाला नुसत्या मुंग्या. म्हणून ठरवलं, हात चालतोय तोवर नातवंडांना पुढे वाचायला पत्रं लिहून ठेवायची. मुलगा पुण्याला, त्याची मुलगी अकरा वर्षांची आणि मुलगा सात. लेक टोरांटोला, तिचं बाळ दीड वर्षाचं. खजुरी बाजारातून अठरा पाकिटं आणली, प्रत्येकाला सहा. दहावीचा निकाल, अठरावा वाढदिवस, पहिली नोकरी, लग्न, पहिलं मूल आणि एक मी गेल्यावर उघडायचं. चार लिहून झाली आणि पेन अडलं. वाचून पाहिली तर शाळेच्या निरोप समारंभातल्या भाषणासारखी वाटली.*

*मुलगा चिडला, ‘शुभ बोल ना आई’ म्हणाला. भाचा म्हणतो, आत्या, सगळं ईमेलवर टाक, तारीख लाव, आपोआप जाईल. टोरांटोच्या नातवाला मराठी वाचता येईल की नाही, देव जाणे.*

*एकोणिसावं पत्र लेकीचं आहे. 2016 मध्ये तिने तिच्या पसंतीने लग्न केलं. मुलगा आपल्यातला नाही म्हणून मी गेले नाही. पुण्याला रजिस्टर लग्न झालं, हे एकटेच रात्रीच्या बसने गेले. माझी महेश्वरी साडी इस्त्री करून कपाटाच्या दाराला लावलेली होती, तरी मी गेले नाही. हे आता राहिले नाहीत. लेक फोन करते, फोडणीत काय काय घालू विचारते, पण त्या दिवसाबद्दल आम्ही दोघी आजवर बोललेलो नाही. हे पत्र मी गेल्यावर तिच्या हाती पडावं असं वाटतं. कुणाकडे ठेवू?*

*— एक निवृत्त शिक्षिका*

बाई,

शिक्षिकेला मी बाईच म्हणणार. तुमचं पत्र दोन दिवस टेबलावर होतं. उत्तर द्यायला उशीर झाला, कारण त्या पाकिटांमुळे मला माझी मावशी आठवली.

मावशी लोकमान्यनगरात राहायची. 1984 साली तिचा कॅन्सर हाताबाहेर गेला, तेव्हा मुलगी तेरा वर्षांची होती, मुलगा आठ. तिने दोन पाकिटं तयार केली आणि दोन्हींवर एकच ओळ लिहिली, ‘लग्नाच्या दिवशी उघडावे’. मुलीचं पाकीट तिच्या लग्नात काकूने आणून दिलं. तिने ते वधूपक्षाच्या खोलीत उघडलं आणि मग तिला सावरता सावरता मुहूर्त गाठायची वेळ आली. पंगतीत तिच्या घशाखाली घास उतरला नाही. आजही ती म्हणते, आईचं पत्र मला हवंच होतं, फक्त त्या दिवशी नको होतं.

मुलाने लग्न केलं नाही. काही घडलं वगैरे नाही, नाही केलं. पाकीट गोदरेजच्या कपाटात, आतल्या कप्प्यात पडून राहिलं. तीस वर्षांचा झाला, चाळीस उलटली. नातेवाईक विचारायचे, त्याचं वाईट त्याला वाटत नसे. वाईट वाटायचं ते त्या पाकिटाचं. उघडावं तर आईची अट मोडल्यासारखं, न उघडावं तर आई कपाटात बोलायची थांबलेली. एकदा तो मला म्हणाला, ‘आपण आईला नापास केलं असं वाटतं.’ आठ वर्षांच्या पोरावर जीव टाकणाऱ्या बाईला हे कसं कळणार होतं? तिने प्रेमापोटी लिहिलं आणि एका ओळीने त्याच्या पुढच्या आयुष्याला अट घातली.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या साफसफाईत त्याने ते उघडलं. दीड पान होतं. सुनेला घरच्यासारखं वागव, रागावर ताबा ठेव, वडिलांना अंतर देऊ नकोस, असं सगळं. त्याने मला ते फोनवर वाचून दाखवलं ते अगदी सपाट आवाजात, वीजबिल वाचावं तसं. मग पानाच्या समासात, आडवं, घाईने लिहिलेलं काही होतं, तिथे त्याचा आवाज बदलला. ‘आज तू एक मोजा निळा आणि एक पांढरा घालून शाळेत गेलास. मी पाहिलं, पण हाक नाही मारली. कोपऱ्यावर वळेपर्यंत बघत बसले.’

दीड पानातलं त्याला एवढंच पाठ आहे.

तुमची चार पत्रं भाषणासारखी का झाली, ते इथे कळतं. शिकवण्यात तुम्ही कुठे कमी पडला नाहीत. तुम्ही ज्यांना लिहिताय ती माणसं अजून झालेलीच नाहीत. पंचवीस वर्षांची नोकरदार नात तुम्हाला माहीत नाही. माहीत नसलेल्या माणसाला आपण काय सांगणार? कष्ट कर, नम्र राहा, मोठ्यांचा मान ठेव. हे तिला कोणीही सांगेल. या मार्चमध्ये ती सुट्टीला आली तेव्हा पोह्यांवरचा जिरावन मसाला बोटाने चाटून खात होती, हे मात्र फक्त तुम्हीच सांगू शकता, आणि तेही आत्ताच.

म्हणून पहिली गोष्ट, पाकिटांवरचे प्रसंग खोडा. दहावीच्या निकालाचं पाकीट एखाद्या वर्षी नापास झालेल्या मुलाच्या हातात पडू शकतं. पहिल्या मुलाचं पाकीट अशा नातीकडे जाऊ शकतं जिला मूल होत नाहीये आणि जी त्याबद्दल घरात कुणाशी बोलत नाही. वर फक्त नाव घाला आणि लिहिल्याची तारीख. कधी उघडायचं ते उघडणाऱ्यावर सोडा. फारच वाटलं तर ‘अठरा वर्षं झाल्यावर केव्हाही’ एवढं लिहा. वय सगळ्यांचंच वाढतं, त्यात कोणी मागे पडत नाही.

‘मी गेल्यावर’ हे पाकीटही मी काढूनच टाकीन. जवळचं माणूस गेलं की त्या तेरा दिवसांत घरात किती माणसं, किती फोन, किती चहाचे कप. तशात लहान मुलाच्या हातात आजीचं पत्र देऊन त्याच्या चेहऱ्याकडे सगळे बघत बसणार. नको.

आणि अठराचा आकडाही सोडून द्या. तुमच्या हाताला ते ओझं आहे. तीन नातवंडं, तीन वह्या. रुंद रेघांच्या घ्या. पार्किन्सनमध्ये अक्षर बारीक होतं, पण समोर रेघ ठळक दिसली की अक्षर मोठं ठेवायला मदत होते, हा बऱ्याच जणांचा अनुभव आहे. गोळीचा परिणाम चांगला असतो ती वेळ डॉक्टरांना विचारून ठरवा आणि त्याच वेळेला लिहायला बसा. एका बैठकीत पाच-सहा ओळी, बस्स. पाठ भरून आली की थांबायचं. एखाद्या दिवशी शेवटची ओळ मुंग्यांसारखी झाली तरी फाडू नका, खोडू नका. ते अक्षर म्हणजे त्या दिवशीच्या तुम्ही आहात.

काय लिहायचं? माझ्याकडे यादी नाही, पण तुमच्या खिडकीत आहे. सकाळी कचरागाडीचं गाणं लांबून ऐकू आलं की तुम्ही हातातलं टाकून ओला आणि सुका डबा घेऊन फाटकाशी जात असाल. ते लिहा. टोरांटोच्या मुलाला वाटेल, कचरागाडी गाते? हो बाळा, आमच्या गावात गाते. अनंत चतुर्दशीच्या रात्री झांक्या, म्हणजे रोषणाईचे चित्ररथ, बघायला तुम्ही कुणाच्या खांद्यावर बसून गेला होतात ते लिहा. गिरण्या बंद पडल्या तरी गिरण्यांच्या झांक्या निघायच्या थांबल्या नाहीत, असं गाव त्यांना दुसरं कुठे भेटणार? रंगपंचमीच्या गेरमध्ये, रंगांच्या मिरवणुकीत, भिजून आल्यावर आई काय बोलायची. थंडीत सराफ्याच्या रात्रीच्या खाऊबाजारात गराडू, तो तळलेला कंद, खाताना आजोबांनी जीभ कशी पोळून घेतली. त्यांच्या आजोबांबद्दल जरा जास्त लिहा, धाकट्या दोघांना ते आठवणार नाहीत, आणि टोरांटोच्या बाळाने तर त्यांना पाहिलेलंही नाही.

वाईटही लिहा, थोडं. शाळेत एखाद्या मुलाला विनाकारण मारलं असेल, नोकरी सोडावीशी वाटली असेल. नुसती गोड आजी कोणाच्या उपयोगी पडत नाही.

आता आवाजाबद्दल, आणि इथे मी जरा घाई करायला सांगणार आहे. या आजारात अक्षरासारखा आवाजही अनेकांचा हळू आणि सपाट होत जातो. तो मोठा ठेवण्याचे व्यायाम असतात, ते स्पीच थेरपिस्ट शिकवतात. डॉक्टरांकडे हा विषय तुम्हीच काढा. पण आज आवाज जसा आहे तसा आजच फोनमध्ये घ्या. वहीत लिहिलेलं स्वतःच वाचून दाखवा. पंखा बंद करा, फोन वीतभर अंतरावर ठेवा, सुरुवातीला तारीख सांगा. मागे कुकरची शिट्टी झाली तर होऊ द्या.

1977 साली अमेरिकेने व्हॉयेजर ही दोन यानं अवकाशात सोडली. त्यांच्यावर सोन्याचा मुलामा दिलेली एकेक तबकडी आहे. पृथ्वीवरून कोण बोललं, काय गायलं, ते त्या तबकडीवर आहे, कधी तरी कुणाला सापडलंच तर. आपल्या संगीतातून तिथे आहे केसरबाई केरकरांची भैरवी. यानं ऑगस्टच्या 20 तारखेला आणि सप्टेंबरच्या 5 तारखेला उडाली, आणि 16 सप्टेंबरला केसरबाई गेल्या. त्या भैरवीत पुढच्या श्रोत्यासाठी उपदेश नाही, ऐकणाऱ्याला ती कळेल याची खात्रीही नाही. बाई गातात, एवढंच. टोरांटोच्या नातवासाठी तुमचं मराठी असंच असू द्या. त्याला वाचता येईल की नाही या काळजीने इंग्रजीत लिहू नका. तुम्ही इंग्रजीत त्याची आजी राहणार नाही, कोणी तरी सभ्य बाई व्हाल. वहीत मराठी, फोनमध्ये तेच मराठी. वाचता नाही आलं तरी ऐकेल, आणि अर्थ लावायला त्याची आई आहे. आपलं इंदुरी बोलणंही धुऊनपुसून लिहू नका. घरात ‘थैली’ म्हणत असाल तर ‘पिशवी’ कशाला लिहायचं?

भाच्याचं म्हणणं अर्धं खरं आहे. जीमेलमध्ये पुढची तारीख लावून पत्र पाठवायची सोय 2019 पासून आहे. पण एखादं खातं दोन वर्षं कोणी वापरलंच नाही, तर गूगल ते बंद करून आतलं सगळं पुसू शकतं. म्हणजे ज्या पत्रांचा उपयोग तुमच्यानंतर व्हायचा, नेमकी तीच धोक्यात. त्यावर एक तोड आहे. खात्याच्या सेटिंगमध्ये ‘इनॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर’ असतो. खातं तीन महिने ते अठरा महिने, तुम्ही ठरवाल तेवढा काळ, वापरलं गेलं नाही की तुम्ही नेमलेल्या माणसांना कळवलं जातं आणि तुम्ही सांगाल ती माहिती त्यांना उतरवून घेता येते. दहा माणसांपर्यंत नेमता येतात. मुलगा आणि लेक, दोघांना नेमा. भाच्याला बसवून तेवढं करून घ्या. व्हॉट्सअॅपवर मात्र विसंबू नका, 120 दिवस वापरलं नाही की खातं पुसलं जातं, आणि बंद पडलेला मोबाइल नंबर पुढे दुसऱ्याच कुणाला मिळतो. पेनड्राइव्हचंही तेच. ज्यांच्या घरात मुंजीची व्हिडिओ कॅसेट आहे पण चालवायला यंत्र नाही, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

कागद या सगळ्यांपेक्षा जुना आणि भरवशाचा. बॉलपेन वापरा. धुतली जाणारी निळी शाई पाण्याच्या एका थेंबाने पसरते. आत स्टेपलची पिन नको, गंजते. सेलोटेप नको, पिवळी पडून कागद खाते. लॅमिनेशन तर मुळीच नको. वर्तमानपत्राची कात्रणं वहीत चिकटवू नका, तो कागद पिवळा पडून शेजारचं पानही खराब करतो. जुन्या पोथ्या बांधायचे तशा वह्या सुती कापडात बांधा, कसरीसाठी वेखंडाचा तुकडा ठेवा, आणि पावसाळ्यात ओल येते त्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात ठेवू नका. पानांचे फोटो काढून दोन घरी असू द्या. 1984 साली आपला इंदूरचा राजवाडा जळताना पाहिलेल्या माणसांना, सगळं एकाच ठिकाणी का ठेवू नये ते कळतं.

वह्या आहेत हे घरात सगळ्यांना सांगा. काय लिहिलंय ते नका सांगू. 1973 साली लाल किल्ल्यात एक कालपात्र पुरलं होतं, पुढच्या पिढ्यांना देशाचा इतिहास कळावा म्हणून. आत काय लिहिलंय यावरून एवढा वाद झाला की सरकार बदलल्यावर 1977 मध्ये ते खणून काढलं. घरात लेखी, बंद काही आहे असं उशिरा कळलं की घरोघरी असंच खणणं सुरू होतं. त्याला जोडूनच एक, घर, दागिने, बँक यांबद्दल या वह्यांत एक ओळही लिहू नका. त्यासाठी मृत्युपत्र आहे. साध्या कागदावर होतं, दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात, नोंदणी सक्तीची नाही पण केलेली बरी. जिल्ह्याच्या निबंधकाकडे सीलबंद ठेवायचीही कायद्यात सोय आहे. माया वहीत आणि वाटण्या मृत्युपत्रात.

मुलाला अशुभ वाटतं, त्याला दोष देऊ नका. तो घाबरलाय. दोन वर्षांपूर्वीचं निदान त्याने अजून मोठ्याने उच्चारलेलंही नसेल. त्याला एवढंच विचारा, तुझ्या मुलीची पत्रिका जन्मल्यावर लगेच कुणी करून घेतली? पुढची साठ-सत्तर वर्षं आपण बाळ झोळीत असतानाच लिहून घेतो आणि त्याला कोणी अशुभ म्हणत नाही. वहीत तर तुम्ही फक्त आजचं लिहिताय. आणि त्याला कामाला लावा. रेकॉर्डिंग त्यानेच करावं. तुम्ही आजोबांची गोष्ट सांगताना तो समोर बसला की बघा, मध्येच ‘नाही आई, तेव्हा पाऊस नव्हता’ म्हणेल.

राहता राहिलं एकोणिसावं पत्र. मी ते कुणाकडे ठेवायला सांगणार नाही.

नातवंडांना लिहिलेलं तुमच्यानंतर वाचलं तरी त्यांना ते मिळतंच. लेकीचं तसं नाही. हे पत्र तुमच्यानंतर तिच्या हाती पडलं, तर ती टोरांटोतल्या स्वयंपाकघरात उभी राहून वाचेल आणि तिला तुमच्यावर ओरडायचं असेल, रडायचं असेल, विचारायचं असेल की मग त्या दिवशी का नाही आलीस. फोन उचलायला कोणी नसेल. पाकिटात तुम्ही मोकळ्या व्हाल आणि ती अडकून पडेल. रागावण्याचा तिचा हक्क आहे, तो तिला तुम्ही असताना वापरू द्या. कदाचित ती लगेच विरघळणार नाही. कदाचित ‘आता कशाला’ म्हणून विषय बदलेल आणि पुन्हा फोडणीचं विचारेल. चालेल. तुम्ही सांगितलं, तिने ऐकलं, आणि पुढच्या रविवारी ती परत फोन करू शकते.

जावयालाही एक वाक्य हवं, पण ते लेकीशी बोलून झाल्यावर, आधी नाही.

आपल्याकडे रात्रीचे आठ वाजतात तेव्हा टोरांटोला हिवाळ्यात सकाळचे साडेनऊ असतात, उन्हाळ्यात साडेदहा. रविवार बघा. बाळाला खाऊ घालून झालेलं असेल. व्हिडिओ नको, साधा फोन करा, चेहरे सांभाळावे लागत नाहीत. शब्द जुळवत बसू नका, ते तुम्ही मला लिहूनच ठेवलेत. तुम्ही आला नाहीत हे तिला गेली कित्येक वर्षं माहीत आहे. महेश्वरी इस्त्री करून कपाटाच्या दाराला लावलेली होती, हे तिला कोणी सांगितलेलं नाही.